ठेका कुणाच्या नावावर

आरोंद्यात तेरेखोल खाडीकडे उतरणाऱ्या एखाद्या रस्त्याच्या कडेला माडांच्या सावलीत लोखंडी पाटी उभी असते. कामाचे नाव, योजना, अंदाजित रक्कम, काम सुरू केल्याचा दिनांक, दोष दायित्व कालावधी. मधे कुठेतरी ठेकेदाराचे नाव. खाडीपलीकडे गोव्याचा पेडणे तालुका दिसत असतो आणि अलीकडे, सावंतवाडी तालुक्याच्या या टोकाला, संरक्षक भिंत, साकव, पाखाडी, शाळेची दुरुस्ती अशी बारीकसारीक सरकारी कामे चाललेली असतात. त्या पाट्या वाचायची मला खोड आहे. पुष्कळदा ठेकेदाराच्या जागी कुठल्यातरी मजूर सहकारी संस्थेचे नाव असते. एकदा अशाच एका पाटीजवळ उभा असताना शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ऐकवले, "काम मजूर सोसायटीचा, पण मजूर खंय आसत? जेसीबी तेवडो दिसता."

त्यांचा प्रश्न चेष्टेचा होता. पण त्या पाटीमागे दीडशे वर्षांची खटपट उभी आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी बांधकाम कचेऱ्यांत ३३:३३:३४ हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. ठरावीक रकमेखालची कामे वाटताना ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि उरलेली ३४ टक्के खुल्या ठेकेदारांना, असा त्यांचा अर्थ. ज्याच्यापाशी भांडवल नाही, ऐपत नाही, ओळख नाही, त्यालाही सरकारच्या कामात वाटा मिळावा यासाठी हे गणित मांडले गेले. ते आले कुठून आणि वाटेत त्याचे काय झाले, ते पाहण्यासाठी ठाण्याच्या जंगलापर्यंत मागे जावे लागते. त्याआधी एक थांबा पुण्यात.

लॉर्ड डलहौसीच्या काळात, १८५४ मध्ये, सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले. पुढे रस्ते, पूल, कालवे, बराकी यांची कामे निविदा काढून ठेक्याने देण्याची रीत रुळली. सगळ्यांत कमी दर भरील त्याला काम, हा नियम दिसायला अगदी निःपक्षपाती. पण दर भरण्याआधी बयाणा रक्कम ठेवायची, काम मिळाल्यावर अनामत भरायची, ऐपतीचा दाखला आणायचा आणि पहिले बिल निघेपर्यंत माल नि मजुरी पदरची घालायची. म्हणजे काम करता येते की नाही हे विचारण्याआधी पैसा आहे की नाही हे विचारले जाई. दगड फोडणारा वडार, जांभा चिरणारा चिरेखाणीतला गडी, भिंत चढवणारा गवंडी यांना काम येत होते. ते या दारातून आत जाऊ शकत नव्हते. ते ठेकेदाराच्या मुकादमाच्या हाताखाली आले आणि तिथेच राहिले.

या व्यवस्थेत आतून वावरलेला एक माणूस म्हणजे जोतीराव फुले. 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी'चे ते भागीदार होते आणि खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला होता. मुंबईतले त्यांचे खंदे पाठीराखे, रामय्या व्यंकय्या अय्यावारू, जाया काराडी लिंगू, व्यंकू बाळोजी काळेवार, हे तेलुगू समाजातले बांधकाम ठेकेदारच. सत्यशोधक चळवळीला पैशाचे बळ मिळाले त्यात या ठेकेदारांचा वाटा मोठा होता. इंजिनीअर खात्यातल्या कारकुनांच्या लुबाडणुकीवर फुल्यांनी कोरडे ओढले, ते अनुभवाच्या जोरावर. गोरा साहेब कागदावर सही करतो. मोजमाप कोण घेतो, हजेरीपट कोण लिहितो, बिल कोण अडवतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. मात्र फुले आणि त्यांचे तेलुगू मित्र हे अपवाद होते. स्वतःच्या हिमतीवर चारदोन माणसे आत शिरली, एवढेच.

राखीव ठेक्याची कल्पना याच सुमारास, पण दूर इटलीत, कायद्यात उतरली. रावेन्ना भागातल्या भूमिहीन मातीकाम करणाऱ्यांनी १८८३ मध्ये आपली सहकारी संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी रोमजवळच्या ओस्तियाची हिवतापाने बुजबुजलेली दलदल कोरडी करायला ती माणसे गेली. १८८९ मध्ये इटलीच्या संसदेने ठरवले की एका मर्यादेपर्यंतची सार्वजनिक कामे अशा संस्थांना लिलावाशिवाय द्यावीत. त्या कायद्यातली मला सगळ्यांत शहाणी वाटणारी तरतूद बयाण्याची आहे. आधी रक्कम भरायला लावण्याऐवजी प्रत्येक बिलातून दहावा हिस्सा कापून ठेवायचा आणि तीच अनामत समजायची. मजुरापाशी पैसा नसतो, हे गृहीत धरून केलेला नियम. आपल्याकडे सहकाराचा कायदा १९०४ मध्ये आला तो फक्त पतपेढ्यांपुरता. इतर प्रकारच्या सहकारी संस्थांना दार उघडले ते १९१२ च्या नव्या कायद्याने.

यानंतर गोष्ट जाते ती कोकणाशी नाते असलेल्या दोन माणसांकडे. एक, रत्नागिरीत १८८८ मध्ये जन्मलेले बाळ गंगाधर खेर. दुसरे, मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याशी नाळ असलेले डॉ. भीमराव आंबेडकर. १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात प्रांतिक सरकार आले तेव्हा खेर सत्तेत होते आणि आंबेडकर त्यांच्यासमोर विरोधी बाकावर. कोकणातली खोती मोडण्याचे विधेयक आंबेडकरांनी त्याच वर्षी मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. विधेयक पुढे सरकले नाही. दोघांचे राजकारण वेगळे, स्वभाव वेगळे. सरकारी ठेक्यांच्या प्रश्नाकडेही दोघे दोन वाटांनी आले.

आंबेडकरांची वाट वाट्याची. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले. या खात्याकडे केंद्राचे बांधकाम खातेही होते, तेव्हा ठेके कोणाला मिळतात याच्या याद्या त्यांच्या टेबलावर येत. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. शिक्षण, नोकऱ्या, प्रतिनिधित्व यांबरोबर त्यात सरकारी ठेक्यांचाही मुद्दा होता: सरकार एवढा पैसा बांधकामावर खर्च करते आणि त्यात अस्पृश्य ठेकेदार जवळजवळ दिसतच नाही. नोकऱ्यांच्या मागणीला फळ आले. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. ठेक्यांचा मुद्दा मात्र मागे पडला, तो पुढची सहा दशके.

खेरांची वाट सहकाराची, आणि ती गेली ठाण्याच्या जंगलात.

१९३७ मध्ये खेर सरकारने डेव्हिड सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याला इलाख्यातल्या आदिवासी मुलखाची पाहणी करायला सांगितले. त्याचा अहवाल १९३९ चा. सावकार, जमीनदार आणि जंगलचे ठेकेदार यांच्या तावडीत सापडलेल्या माणसांचे त्याने केलेले वर्णन सरकारी भाषेत असूनही अंगावर येते. डहाणू-उंबरगावकडे 'लग्नगडी' हा शब्द चालत असे: लग्नासाठी कर्ज घ्यायचे आणि त्यापायी नवरा-बायकोने सावकाराच्या घरी राबत राहायचे. जंगलात काम होते ते ठेकेदारांमार्फत. जंगल खाते कूप, म्हणजे तोडीचे पट्टे, आखून लिलाव करी, बडा व्यापारी तो घेई आणि झाडे तोडणे, लाकूड ओढणे, कोळशाच्या भट्ट्या लावणे ही सगळी कामे वारली आदिवासींकडून करून घेई. मुंबईच्या चुली ठाण्याच्या लाकूड-कोळशावर पेटत होत्या आणि त्या धंद्यातला पैसा मुंबईला जात होता. जंगलाच्या मालकाने, म्हणजे सरकारने, कूप कोणत्या किमतीला विकला याची चोख नोंद असे. तोडणाऱ्याच्या हातात काय पडले, याची नोंद कुठेच नसे.

खेरांनी १९४० मध्ये ठक्करबाप्पांच्या प्रेरणेने आदिवासी सेवा मंडळ काढले. मंत्रिमंडळाने राजीनामा दिलेला होता, त्यामुळे त्यांच्याकडे वेळ होता. बोर्डीचे आचार्य भिसे यांच्यासारखी माणसे शाळा, वसतिगृहे, औषधपाणी अशी कामे करत होती. सेवा चालू होती. मजुरीचा दर तिथल्या तिथेच होता.

तो दर हलवला वारल्यांनी स्वतः. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी किसान सभेची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी जमवलेल्या त्या मेळाव्यात वेठ आणि लग्नगडी बंद असा निर्धार झाला. पावसाळा संपताच गवतकापणीच्या मजुरीवरून संप सुरू झाला. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि वारली मारले गेले. १९४६ च्या शरदात संप जंगलात पोचला. झाडतोडीला दिवसाला किमान सव्वा रुपया मिळाल्याशिवाय कुऱ्हाड उचलायची नाही. ऐन हंगामात कूप थांबले. लाकूड व्यापाऱ्यांच्या संघटनेला नोव्हेंबरात तो दर कबूल करावा लागला. या काळावर गोदावरीबाईंनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिले. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आता सत्तेवर पुन्हा खेरच होते आणि गृहखाते मोरारजी देसाईंकडे. सरकारने दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. परुळेकर दांपत्याला जिल्ह्याबाहेर घालवले, चळवळीवर पोलीस सोडले. आणि १९४७ मध्ये जंगल कामगार सहकारी सोसायट्या काढायला सुरुवात केली. लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या, भीतीने सहकार आला असे म्हणणारे आहेत. खेरांची आदिवासींबद्दलची कळकळ जुनी होती असे म्हणणारेही आहेत. मला दोन्ही खरे वाटते. संपाने ठेकेदार खिळखिळा केला नसता तर मंत्र्याच्या कळकळीला वाव मिळाला नसता.

सोसायटीची कल्पना साधी होती आणि तिची जोडणी हुशारीची. जंगल खात्याने काही कूप लिलावातून बाहेर काढायचे आणि ठरवलेल्या किमतीला थेट सोसायटीला द्यायचे. सभासद आदिवासी जंगल कामगार. सगळी रक्कम आधी भरायची सक्ती नाही. माल विकला जाईल तसा सरकारचा हिस्सा फेडायचा. हिशेब, पत्रव्यवहार, डेपोवरची विक्री ही कामे सभासदांना जमणार नाहीत हे ओळखून प्रत्येक सोसायटीमागे एक सेवाभावी संस्था उभी केली. ठाण्यात आदिवासी सेवा मंडळ, पंचमहालात ठक्करबाप्पांचे भिल्ल सेवा मंडळ. तिने चिटणीस द्यायचा, कार्यकर्ता द्यायचा, व्यापाऱ्याशी बोलणी करायची. मजुरी ठरलेल्या दराने रोख, आणि वर्षाअखेरीस नफ्यातून सभासदांच्या गावात शाळा, विहीर, दवाखाना. ठाणे, पश्चिम खानदेश, सुरत, डांग अशा तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या जंगलपट्ट्यांत हे जाळे पसरले.

यात काय बदलले ते हंगामाच्या दिवसांत दिसे. पाऊस सरला की खात्याची माणसे कूपातल्या झाडांवर हातोड्याची खूण मारून जात. पूर्वी त्यानंतर ठेकेदाराचा दिवाणजी पाड्यावर येई, उचल देई, अंगठा घेई. आता सोसायटीचा मुकादम येऊ लागला आणि तो बहुधा पाड्यातलाच असे. साग, ऐन, किंजळ तोडायचे, सोलायचे, बैलगाडीने डेपोवर न्यायचे. काम तेच, हात तेच. पण मजुरीचा दर सोसायटीच्या कागदावर लिहिलेला होता. उचलीच्या पैशांत सावकाराचे व्याज नव्हते. सहकारी चळवळीत पुष्कळ आकर्षक घोषणा झाल्या; सरकारी मालमत्तेच्या ठेक्यातून मधला माणूस खरोखर बाजूला काढणारी अशी उदाहरणे थोडी. ढेबर आयोगाने १९६०-६१ मध्ये देशभरच्या आदिवासी भागांची पाहणी केली तेव्हा त्यालाही जंगलातून ठेकेदार हटवायचे तर सहकार हाच मार्ग दिसला.

दोष होते आणि ते पहिल्यापासून होते. चिटणीस बाहेरचा, वही त्याच्या हातात. बैठकीत सभासद अंगठा उठवत आणि निर्णय प्रायोजक संस्थेचा कार्यकर्ता सांगे. चांगला कार्यकर्ता असेल तिथे सोसायटी चांगली चाले. तो गेला, म्हातारा झाला किंवा राजकारणात शिरला की तिचा डोलारा हलू लागे. दरम्यान जुने ठेकेदार कुठे गायब झाले नव्हते. काही सोसायट्यांत ते माल विकत घेणारे झाले, काहींत पडद्यामागून उचल पुरवणारे. दोन-तीन दशकांत आदिवासींतूनच चिटणीस, हिशेबनीस, व्यवस्थापक तयार व्हायला हवे होते. काही झाले, पुरेसे झाले नाहीत. सेवा करणाऱ्यांना आपली गरज संपवता येत नाही, ही जुनी अडचण.

अखेर सोसायट्या मागे पडल्या त्या या दोषांमुळे नव्हे. त्यांच्या पायाखालचे जंगलच सरकारी धोरणाने ओढून घेतले. १९७४ मध्ये महाराष्ट्राचे वनविकास महामंडळ आले आणि चांगली जंगले त्याच्याकडे जाऊ लागली. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने जंगलाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. डिसेंबर १९९६ मध्ये गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आयोजनेशिवाय झाडतोड थांबवली. जंगल वाचवायचे होते, त्याला कोण नाही म्हणेल? पण ज्यांची रोजी कूपावर होती त्यांना पर्यायी काम देण्याचा विचार त्या आदेशांच्या शेपटीला कुठे जोडलेला नव्हता.

जंगलाबाहेर, रस्त्यांच्या आणि बंधाऱ्यांच्या कामांत, हेच सूत्र मजूर सहकारी संस्थांच्या रूपाने आले. पंचवार्षिक योजनांनी त्यांना उत्तेजन दिले, १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने चौकट दिली, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि वाटायला छोटी कामे ढिगाने मिळाली. बयाण्यात सूट, ठरावीक रकमेपर्यंत निविदेशिवाय काम, जिल्ह्याजिल्ह्यात मजूर संस्थांचा संघ. जंगल सोसायटीच्या जोडणीतला एक दुवा इथे गळला. मागे उभी राहणारी सेवाभावी संस्था नव्हती. तिची जागा घेतली गावच्या पुढाऱ्याने. सभासदांच्या यादीत मजूर, अध्यक्षाच्या खुर्चीत पुढारी. काम संस्थेच्या नावावर घ्यायचे आणि खऱ्या ठेकेदाराला करायला द्यायचे. संस्थेला नाव वापरू दिल्याबद्दल दोन-पाच टक्के. गावोगाव याला कुणी भ्रष्टाचारसुद्धा म्हणत नाही, 'सोसायटीवर काम घेतले' एवढेच म्हणतात. मजूर संस्थेच्या अध्यक्षाला जिल्हा बँकेच्या संचालक मंडळात जाण्याची वाट मोकळी होते, हा वरचा फायदा. २०२२ च्या सुरुवातीस मुंबईत सहकार खात्याने विधान परिषदेतल्या एका बड्या नेत्याचे 'मजूर' असणे अमान्य केले तेव्हा वर्तमानपत्रांना मोठी मौज वाटली. गावांत कुणाला विशेष वाटले नसावे.

कोकणात याला आणखी एक पदर आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तेव्हा इथला धडधाकट तरुण आधीच मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत पोचलेला होता. उरले ते म्हातारे, बायका आणि शेताच्या वाट्याचे वाद. संस्थेचे सभासद गावचे, पण रस्त्यावर डांबर ओतणारी माणसे बहुधा विजापूर-बागलकोटकडून आलेली. म्हाताऱ्या गृहस्थांच्या "मजूर खंय आसत?" या प्रश्नाला हेही एक उत्तर.

बेरोजगार अभियंत्यांचा वाटा हा वेगळ्याच गरजेतून आला. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि काही वर्षांतच पदवीधर, पदविकाधारक पोरे हजारोंनी बाहेर पडू लागली. सरकारी नोकऱ्या तेवढ्या नव्हत्या. ठेक्यातला ३३ टक्क्यांचा हिस्सा हा त्यांच्यापुढे ठेवलेला पर्याय. मजूर संस्थेपेक्षा हा वाटा बरा चालला असे माझे मत, कारण या मुलांना निदान अंदाजपत्रक वाचता येत होते, मोजमाप पुस्तिकेत काय लिहिले जाते ते कळत होते. वडिलांकडे आंब्याची बाग असली की सुरुवातीचे भांडवलही निघे. नसली की तोही आपली नोंदणी दुसऱ्याला वापरायला देई.

या सगळ्याला आडवा जाणारा एक धागा रोजगार हमीचा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९७२ पासून राज्यभर चाललेल्या आणि २६ जानेवारी १९७९ पासून कायद्याने बांधलेल्या या योजनेत ठेकेदाराला जागाच नव्हती. मजुराला ठेकेदार बनवण्याच्या भानगडीत न पडता सरकारने थेट मजुरी द्यायची. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानेही ठेकेदारबंदी कायम ठेवली. तिथे प्रश्न नावाचा उरला नाही. हजेरीपटावरच्या खोट्या नावांचा उरला.

नव्या शतकात हीच गोष्ट अंगणवाडीच्या चुलीवर पुन्हा घडली. २००१ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्याच खटल्यात ७ ऑक्टोबर २००४ रोजी न्यायालयाने सांगितले की अंगणवाडीतल्या पोषण आहारासाठी ठेकेदार वापरू नयेत. गावची माणसे, बचत गट, महिला मंडळे यांना प्राधान्य द्यावे. महाराष्ट्रात बचत गटांची चळवळ तोवर गावागावात पोचली होती. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ त्यांच्या पाठीशी होते. अंगणवाडीतला ताजा शिजवलेला आहार गावच्या गटांकडे आला. घरी न्यायच्या पाकिटांचा, म्हणजे टीएचआरचा, मोठा ठेका मात्र राज्यात मोजक्या 'महिला संस्थां'च्या हाती गेला. न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की या संस्थांच्या मागे खासगी कंपन्या उभ्या आहेत. महिला मंडळ हे नाव, कारखाना दुसऱ्याचा. मजूर सोसायटीतली युक्तीच पदर घेऊन आली होती.

२०१६ मध्ये राज्याने नवी निविदा काढली. त्यातल्या उत्पादनक्षमतेच्या आणि यंत्रसामग्रीच्या अटी अशा की गावातल्या दहा-वीस बायकांच्या गटाला त्या वाचूनच परत फिरावे लागेल. वैष्णोराणी महिला बचत गटाने त्याला आव्हान दिले. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती प्रक्रिया रद्द केली आणि खऱ्या बचत गटांना भाग घेता येईल अशा अटी घालून पुन्हा निविदा काढायला सांगितले. ब्रिटिश बांधकाम खात्याच्या ऐपत-दाखल्याने जे केले तेच एकविसाव्या शतकात यंत्राच्या अटीने केले. फरक एवढाच की या वेळी एक बचत गट दिल्लीपर्यंत भांडायला गेला.

याच सुमारास आंबेडकरांच्या १९४२ च्या निवेदनातला सुटलेला धागा पुन्हा कुणाच्या तरी हाती आला. जानेवारी २००२ मध्ये भोपाळला दलित विचारवंतांची परिषद भरली. चंद्रभान प्रसाद तिच्या आखणीत पुढे होते. मध्य प्रदेशच्या दिग्विजय सिंह सरकारने सरकारी खरेदीचा काही हिस्सा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यावसायिकांकडून घ्यायचे मान्य केले. मूळ कल्पना अमेरिकेची. तिथे १९७७ च्या सार्वजनिक बांधकाम कायद्यात दहा टक्के रक्कम अल्पसंख्याकांच्या कंपन्यांसाठी राखली होती, आणि नावापुरत्या काळ्या भागीदाराचा धंदाही तिथे लगेच सुरू झाला होता. पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे 'डिक्की', स्थापन केली. कांबळे स्वतः बांधकाम व्यवसायातले. 'नोकरी मागणारे नको, देणारे व्हा' हा तिचा सूर. २०१२ मध्ये केंद्र सरकारने सूक्ष्म व लघुउद्योगांकडून २० टक्के खरेदीचे धोरण आणले, त्यातले चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी. २०१८ च्या दुरुस्तीने २० चे २५ झाले आणि महिला उद्योजकांसाठी तीन टक्के आले. पण पुढची अनेक वर्षे प्रत्यक्ष खरेदी चार टक्क्यांच्या बरीच खाली राहिली. आणि एक बारीक अट: हे धोरण वस्तू आणि सेवांना लागू आहे, बांधकामाच्या ठेक्यांना नाही. आंबेडकरांची तक्रार नेमकी बांधकामाच्या ठेक्यांबद्दल होती.

ती तक्रार ऐकली शेजारच्या राज्याने. आरोंद्याहून सावंतवाडी, तिथून आंबोली घाट चढून बेळगावच्या बाजूला गेले की कर्नाटकचा कायदा सुरू होतो. तिथे २०१७ च्या सुमारापासून ५० लाखांपर्यंतच्या सरकारी कामांत १७.१५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि ६.९५ टक्के अनुसूचित जमातींच्या ठेकेदारांसाठी राखीव आहेत. २०२३ मध्ये ती मर्यादा एक कोटीवर नेली. घाटाच्या अलीकडे वाटणी धंद्याच्या प्रकाराने, म्हणजे मजूर संस्था आणि अभियंता. पलीकडे ती जातीने. एक खेरांच्या वाटेची लांबची वारसदार, दुसरी आंबेडकरांच्या. कर्नाटकातही नाव एकाचे आणि यंत्र दुसऱ्याचे ही कुरकुर आहेच. तरी त्या यादीत ठेकेदार म्हणून आलेल्या पहिल्या पिढीच्या माणसाला मोजमाप पुस्तिका कशी लिहितात, चालू बिल कसे काढतात हे शिकायला मिळते, आणि ते शिकलेला माणूस दुसऱ्या खेपेला नाव भाड्याने द्यायला सहसा राजी होत नाही.

बिलाचा प्रश्न मात्र घाटाच्या दोन्ही बाजूंना आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्रभर ठेकेदारांच्या संघटना थकलेल्या रकमांसाठी आंदोलनात उतरल्या. त्यांत मजूर संस्था होत्या, बेरोजगार अभियंते होते. राज्याकडे सुमारे ८९ हजार कोटी रुपये अडकले आहेत, असे संघटनांचे म्हणणे होते. मोठी कंपनी बँकेकडून उचल घेऊन वर्ष काढते. अंगणवाडीला खिचडी पुरवणाऱ्या गटाची बाई दुकानदाराकडे उधारी वाढवते. आंब्याची बाग गहाण टाकून रस्ता केलेला अभियंता पुढच्या कामाला अर्जच करत नाही. रावेन्नाच्या मजुरांसाठी १८८९ मध्ये केलेला नियम बिल निघते हे गृहीत धरून होता.

आरोंद्याची ती पाटी दोन पावसाळे खाऊन जरा गंजली आहे. रक्कम अजून वाचता येते, संस्थेचे नावही. काम पूर्ण झाल्याचा दिनांक लिहायच्या जागी कुणीतरी खडूने भरतीची वेळ लिहून ठेवलेली आहे. बिल निघाले की नाही ते सावंतवाडीच्या कचेरीत विचारावे लागेल.